आलेख सपाट होईपर्यंत: ट्रॅकच्या गाडीतलं ऑइल, पाणी आणि त्यांची तापमानं

१२ जानेवारी

गाडी दोन लिटर, चार सिलिंडर, टर्बो. ताकद मागच्या चाकांना, गिअर हाताने, वजन चौदाशे किलोच्या आसपास. रस्त्यावर तक्रारीला जागा नाही. ट्रॅकवर मात्र चार-पाच जोरकस लॅप झाले की सरळ रस्त्यावर दम कमी वाटतो. तेव्हा स्कॅनर लावून पाहिलं तर ऑइल १३६ अंशांवर होतं आणि इंजिनचा संगणक स्वतःहून बूस्ट, म्हणजे टर्बोने ढकललेल्या हवेचा दाब, कमी करत होता. म्हणजे गाडी स्वतःला वाचवते आहे. डॅशबोर्डवरचा पाण्याचा काटा त्या वेळी अगदी मधोमध होता. बहुतेक गाड्यांत हा काटा मुद्दामच असा बसवलेला असतो की साधारण ७५-८० पासून १०५-११० पर्यंत तो हलतच नाही, म्हणजे चालवणाऱ्याला उगाच धास्ती वाटू नये. रस्त्यावर ते ठीक आहे, ट्रॅकवर त्याचा काही उपयोग नाही.

मूळ बांधणीत ऑइल फिल्टरपाशी पाण्यावर चालणारा छोटा कूलर आहे. हवेवर चालणारा वेगळा ऑइल कूलर नाही. तो लागणार हे जवळपास नक्की, पण त्याआधी मोजमाप. आत्ताचे आकडे हातात नसतील तर नंतर काय सुधारलं हे सांगता येणार नाही.

१९ जानेवारी

सेन्सर बसवले. ऑइलचं तापमान दोन ठिकाणी: एक चेंबरच्या, म्हणजे इंजिनच्या तळाशी ऑइल साठतं त्या भांड्याच्या, ड्रेन बोल्टच्या जागी, दुसरं फिल्टरनंतर, जिथून ऑइल बेअरिंगकडे जातं. शिवाय ऑइलचा दाब, हेडमधून (इंजिनच्या वरच्या भागातून) बाहेर पडणाऱ्या पाण्याचं तापमान आणि बाहेरच्या हवेचं तापमान.

दोन ठिकाणं एवढ्यासाठी की "ऑइल १३० अंशांवर" या वाक्याला जागा सांगितल्याशिवाय अर्थ नाही. चेंबरमध्ये पिस्टनखालून, टर्बोतून आणि हेडमधून परतलेलं सगळं गरम ऑइल एकत्र येतं. फिल्टरनंतर तेच ऑइल कूलरमधून गेलेलं असतं. दोन चालकांनी आपापले आकडे सांगितले आणि एकाचा सेन्सर चेंबरमध्ये, दुसऱ्याचा फिल्टरपाशी असेल, तर ती तुलना फुकट आहे.

तापमानाची नोंद सेकंदाला एकदा पुरते. दाबाची दहा वेळा तरी हवी, कारण लांब वळणात दाबातली घसरण अर्ध्या सेकंदात येऊन जाते. ड्रेन बोल्टच्या सेन्सरला नवा तांब्याचा वॉशर लावला आणि वायर क्रॉसमेंबरच्या वरून फिरवली. खाली लोंबकळणारी वायर कर्बवर पहिल्याच दिवशी तुटते.

२ फेब्रुवारी

पहिली मोजणी. हवा २४ अंश, गाडीत काहीही बदल नाही.

ऑइल ८५ ला असताना ट्रॅकवर उतरलो. दुसऱ्या लॅपच्या शेवटी चेंबर ११२, चौथ्याला १२६, सेशन संपताना १३४. पाणी १०३. या १३४ पेक्षा मला जास्त बोचला तो आलेखाचा उतार. शेवटच्या लॅपमध्येसुद्धा रेषा वरच जात होती. म्हणजे इंजिन ऑइलमध्ये जेवढी उष्णता टाकतंय तेवढी बाहेर जातच नाहीये, आणि सेशन अजून दहा मिनिटं चाललं असतं तर आकडा आणखी मोठा दिसला असता. उलट १२८ वर जाऊन सपाट झालेली रेषा मी आनंदाने चालवून घेईन. या प्रकल्पाची कसोटी म्हणून हेच धरतो: पूर्ण जोराने चालवताना रेषा सपाट व्हायला हवी, आणि ज्या उंचीवर सपाट होईल ती उंची ऑइलला झेपायला हवी.

दुसरी गोष्ट म्हणजे हवेचं तापमान. कूलर कोणताही असो, तो किती उष्णता फेकणार हे ऑइल आणि हवा यांच्यातल्या फरकावर ठरतं. आज तो फरक ११० अंशांचा होता. हीच गाडी ३८ अंशांच्या दुपारी तशीच चालवली तर हिशोबाने १४८ येतात. म्हणून यापुढे प्रत्येक नोंदीत हवेच्या वर किती, हा आकडा लिहायचा. थंड सकाळी गाडी गार राहिली म्हणून खूश होण्यात अर्थ नाही.

दाबाचं चित्र अपेक्षेप्रमाणेच. सुरुवातीला ६००० आरपीएमला साडेपाच बार, शेवटी चार. हजार आरपीएममागे १० पीएसआय हा जुना ठोकताळा धरला तर ६००० ला ६० पीएसआय, म्हणजे चार बारच. अगदी काठावर. लांब उजव्या वळणात तो क्षणभर तीनच्या खाली गेला. ते काम ऑइल एका बाजूला सरकण्याचं आहे, उष्णतेचं नाही, पण गरम पातळ ऑइल त्यात भर घालतं. चेंबरमध्ये आडव्या पट्ट्या बसवण्याचं काम यादीत टाकलं.

पातळ म्हणजे किती पातळ, हे एकदा मांडून ठेवतो. साधारण ५डब्ल्यू-४० ऑइल १०० अंशांना १४ सेंटीस्टोक (घट्टपणाचं एकक) असतं. १२० ला ते साडेनऊच्या जवळ येतं, १३० ला आठ, १४० ला पावणेसात. म्हणजे १३० अंशांवरचं ४० ग्रेडचं ऑइल हे १०० अंशांवरच्या ३० ग्रेडपेक्षाही पातळ झालेलं असतं, कारण ३० ग्रेडची खालची हद्द ९.३ आहे. बेअरिंग आणि क्रँकमध्ये धातूला धातू लागू न देणारा थर याच घट्टपणावर उभा असतो.

४ फेब्रुवारी

ऑइल बदललं. आधी ५डब्ल्यू-३० होतं, आता ५डब्ल्यू-४०, पूर्ण सिंथेटिक, उत्पादकाच्या यादीतलंच. डब्यावरच्या ग्रेडपेक्षा मी १५० अंशांना आणि जोराच्या घर्षणाखाली मोजलेल्या घट्टपणाकडे पाहतो. ३० ग्रेडला तो किमान २.९ लागतो, ५डब्ल्यू-४० ला किमान ३.५.

यापुढे ५० ग्रेडला जायचं नाही असं ठरवलं. घट्ट ऑइल गाडी गार करत नाही. उलट बेअरिंगमध्ये घुसळलं जाताना ते स्वतःच जास्त उष्णता तयार करतं. गेजवर दाब वाढलेला दिसतो, पण दाब म्हणजे प्रवाह नव्हे, आणि बेअरिंगमधली उष्णता वाहून नेतो तो प्रवाह. आधी तापमान खाली आणायचं, मग ग्रेडचा विचार.

१६ फेब्रुवारी

पाण्यावरचा कूलर मोठा करायचा की हवेचा बसवायचा?

पाण्यावरच्या कूलरचे गुण मला मान्य आहेत. छोटा असतो, नाजूक पाइप नाहीत, आणि थंड इंजिनमध्ये पाणी आधी गरम होत असल्याने तो ऑइललाही लवकर गरम करतो. पण तो ऑइलला पाण्याच्या तापमानाखाली नेऊ शकत नाही, आणि ऑइलची सगळी उष्णता रेडिएटरच्या माथी मारतो. आपलं पाणी २४ अंशांच्या दिवशीच १०३ ला आहे. त्यावर आणखी ओझं टाकणं पटत नाही.

किती उष्णता काढायची याचा ढोबळ हिशोब: कूलरमधून मिनिटाला २० लिटर ऑइल गेलं, म्हणजे सेकंदाला पाव किलोहून थोडं जास्त. ऑइलची विशिष्ट उष्णता किलोला दर अंशामागे साधारण २.२ किलोज्यूल. कूलरमध्ये ते १५ अंशांनी उतरलं तर जवळपास नऊ किलोवॉट बाहेर गेले. मध्यम आकाराच्या कूलरला हे जमायला हरकत नाही, हवा मिळाली तर.

निर्णय: मूळ पाण्यावरचा कूलर जागेवर ठेवायचा आणि त्याच्या जोडीला थर्मोस्टॅटसह हवेचा, १९ रांगांचा कूलर.

१ मार्च

बसवणी झाली. फिल्टरखाली थर्मोस्टॅटची प्लेट, तिथून दहा नंबरचे पाइप पुढच्या उजव्या कोपऱ्यात, बंपरच्या मागे. रेडिएटरच्या पुढे कूलर टांगण्याची सोपी जागा मुद्दाम टाळली. तिथे कूलरमधून निघालेली गरम हवा थेट रेडिएटरला मिळते, म्हणजे एका हाताने दिलेलं दुसऱ्या हाताने परत.

प्लेट साधारण ८० अंशांना उघडते. बंद असतानाही थोडं ऑइल कूलरमधून वाहत राहतं, त्यामुळे ती उघडते तेव्हा थंड घट्ट ऑइलचा लोंढा इंजिनमध्ये शिरत नाही.

ज्या गोष्टींवर वेळ दिला: कूलरची दोन्ही तोंडं वर ठेवली, म्हणजे आत हवा अडकणार नाही. कूलर थेट पत्र्याला न आवळता रबरी बुशवर बसवला, कारण पत्र्याच्या कंपनाने पातळ रांगांच्या कडेला चीर जाते. पाइप कापल्यावर आतून दोन्ही बाजूंनी पेट्रोलने धुऊन, हवेने फुंकून, पांढरं फडकं आरपार ओढलं. पहिल्या फडक्यावर रबराचा काळा भुगा आणि स्टीलच्या जाळीचे केसासारखे दोन तुकडे होते. फडकं स्वच्छ निघेपर्यंत ओढत राहिलो. पाइपमधला कचरा ऑइलसोबत बेअरिंगपर्यंत पोचू शकतो. या एका कामात घाई करणाऱ्याने कूलर बसवूच नये.

इंधन बंद ठेवून स्टार्टरवर इंजिन फिरवलं, दाब दिसल्यावरच चालू केलं. ऑइलची पातळी थंडपणी नाही, थर्मोस्टॅट उघडेपर्यंत गरम करून, बंद केल्यावर काही मिनिटांनी बघितली. जवळपास एक लिटर जास्तीचं लागलं. वरच्या खुणेच्या पुढे भरायचं नाही, क्रँक ऑइलला लागला की फेस होतो आणि फेसात ना दाब टिकतो ना उष्णता वाहते.

१५ मार्च

आज मुद्दाम बिनडक्टचा कूलर मोजला, म्हणजे हवा कूलरपर्यंत आणणारी बंदिस्त वाट न लावता. हवा २९. चेंबर १३२, हवेच्या वर १०३. उतार कमी झाला, पण रेषा अजून सपाट नाही.

कूलरमधून हवा किती जाते हे बघायला सगळ्यात भरवशाचं साधन म्हणजे पारदर्शक नळी. नळी इंग्रजी यू आकारात वाकवून अर्धी रंगीत पाण्याने भरली, एक टोक कूलरच्या तोंडासमोर, दुसरं पाठीमागे. नळीचा वाकवलेला भाग केबिनमध्ये पट्टीला चिकटवला. दोन्ही बाजूंच्या पाण्याच्या उंचीतला फरक म्हणजे कूलरच्या पुढच्या-मागच्या दाबातला फरक. १५० किमी वेगाला हवा पूर्ण थांबवली तर साधारण १०५ मिलिमीटर पाणी उचललं जातं, म्हणजे आपल्याला त्यातलं किती मिळतं हे थेट वाचता येतं.

शेजारी मित्र बसला होता, त्याच्या हातात पट्टी. सरळ रस्त्यावर दीडशेला पोचल्यावर ओरडला, "अरे, पाणी जागचं हललंच नाही!" नंतर नीट पाहून सांगितलं, १८ मिलिमीटर. म्हणजे उपलब्ध दाबाच्या पाचव्या हिश्श्यापेक्षाही कमी. बाकीची हवा कूलरच्या कडेने निघून जात होती. हवेला रांगांमधून घुसण्यापेक्षा वळसा घालणं सोपं असेल तर ती वळसाच घालणार.

२९ मार्च

डक्ट तयार. बंपरमधलं तोंड कूलरच्या क्षेत्रफळाच्या साधारण एक तृतीयांश, तिथून हळूहळू रुंद होत कूलरच्या चारही कडांपर्यंत. तोंड मोठं ठेवण्याचा मोह होतो, पण हवेने पसरत, मंदावत कूलरवर यावं, तेव्हा तिचा वेग दाबात बदलतो. कडांना फोमची पट्टी घट्ट बसवली, बोट शिरेल एवढी फटही ठेवली नाही.

आधी फक्त डक्ट लावून मोजलं: ४१ मिलिमीटर. मग कूलरमागचं चाकाच्या कमानीतलं प्लास्टिक कापून तिथे मागे झुकलेल्या फटींची जाळी बसवली: ७० मिलिमीटर. बाहेर पडायच्या वाटेने जवळपास तेवढंच दिलं जेवढं आत यायच्या वाटेने दिलं होतं. कमानीत दाब पुढच्या तोंडापेक्षा कमी असतो, तो हवा ओढून घेतो. कूलरबद्दल बोलताना सगळे रांगा मोजतात, बाहेरची वाट कोणी विचारत नाही. माझ्या मते १९ रांगा आणि नीट बांधलेली वाट ही ३४ रांगा आणि उघड्या कोपऱ्यापेक्षा कधीही चांगली.

हवा ३०. चेंबर ११८. चौथ्या लॅपनंतर रेषा सपाट, शेवटपर्यंत सपाट. हवेच्या वर ८८. पहिल्यांदा गाडीने पूर्ण सेशन पूर्ण बूस्टवर काढलं, आणि मी गेजकडे बघणं विसरून ब्रेकच्या खुणांकडे बघू शकलो.

१२ एप्रिल

कडक ऊन, हवा ३६. चेंबर १२४ वर सपाट. पुन्हा हवेच्या वर ८८. आकडा तसाच आला याचं समाधान मोठं आहे, कारण याचा अर्थ मोजणी खरी आहे आणि ४० अंशांच्या दिवशी १२८ च्या आसपास जाऊ हे आत्ताच सांगता येतं. फिल्टरनंतर १०९. बेअरिंगला मिळतं ते हे ऑइल.

पाणी मात्र १०८. ऑइलचा भार हलका झाल्याने ते थोडं उतरलं असणार, पण या उन्हात आता तीच पुढची मर्यादा आहे.

१३ एप्रिल

पुढचा भाग उघडला. एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधल्या जागेत रबराचा चुरा, वाळू, किडे यांचा थर. पुढून टॉर्च मारली तर काही दिसत नाही, कारण कचरा कंडेन्सर ओलांडून रेडिएटरच्या तोंडावर बसतो. कमी दाबाच्या पाण्याने मागून पुढे धुतलं. जोराचा फवारा मारला तर पाती वाकतात. दोघांच्या मधल्या कडा फोमने बंद केल्या.

कूलंटचं प्रमाण अर्धं-अर्धं होतं, ते ३० टक्के ग्लायकॉल केलं. शुद्ध पाणी मिश्रणापेक्षा जास्त उष्णता वाहतं, पण गंज रोखणारी रसायनं ग्लायकॉलसोबतच येतात, म्हणून त्याहून खाली जायचं नाही. उकळण्याची काळजी दाब घेतो: १.१ बारच्या झाकणाखाली साधं पाणीही १२१ अंशांपुढे उकळतं. म्हणून झाकणाचं रबर जुनं असेल तर सगळा हिशोब कोसळतो. नवं झाकण बसवलं.

पुढच्या मोजणीत, हवा ३५, पाणी १०२.

२६ एप्रिल

ब्रेक ऑइल. चौदाशे किलोची गाडी २०० किमी वेगावरून ८० ला आणताना १८ लाख ज्यूल उष्णता तयार होते. एवढ्यात पाच लिटरहून जास्त पाणी २० अंशांवरून उकळीला येतं, आणि हे काही सेकंदांत, प्रत्येक लॅपला. डॉट ४ ऑइलचा उत्कलनबिंदू नवं असताना किमान २३० आणि पाणी शोषल्यावर किमान १५५ असा ठरलेला आहे. ते हवेतली वाफ शोषत राहतं, त्यामुळे डब्यावरचा मोठा आकडा हा फक्त पहिल्या दिवसाचा. मी ट्रॅकसाठीचं, नव्यात ३०० च्या वर उकळणारं भरलं, पण ते वारंवार बदलायची तयारी ठेवूनच. पेडल एकदा लांब गेलं की त्याच क्षणी मंदावायचं, "अजून एक लॅप" नाही.

१० मे

गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलवर (मागच्या दोन चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरच्या पेटीवर) तापमानाच्या चिकटपट्ट्या लावल्या, ज्यांच्या चौकटी ठरावीक तापमानाला कायमच्या काळ्या होतात. सेशननंतर गिअरबॉक्सची ११० पर्यंतची चौकट काळी, डिफची १३२ पर्यंतची. पट्टी बाहेरच्या धातूचं तापमान सांगते, आतलं ऑइल त्याहून गरम असणार.

गिअरबॉक्सला हात लावत नाही, फक्त शेजारून जाणाऱ्या एक्झॉस्टच्या पाइपवर उष्णता परतवणारा पत्रा लावला आणि ऑइल बदललं. इथे ग्रेड वाचून घ्यावी लागते: जीएल-५ मधल्या गंधकाच्या काही रसायनांनी पितळी सिंक्रो (गिअर बदलताना वेग जुळवणारी कडी) खराब होऊ शकतात, म्हणून उत्पादकाने जीएल-४ सांगितलं असेल तर जीएल-४ च. डिफमध्ये मात्र जीएल-५ हवंच, तिथल्या दातांवरचा दाब आणि घसरण दोन्ही जास्त. ७५डब्ल्यू-९० काढून ७५डब्ल्यू-१४० भरलं. निघालेलं ऑइल काळपट, जळकट वासाचं, चुंबकावर नेहमीचा मऊ लेप, तुकडे नाहीत.

२४ मे

इंजिन ऑइलचा नमुना प्रयोगशाळेत पाठवला होता, अहवाल आला. १०० अंशांचा घट्टपणा १४ वरून १२.७ वर. ४० ग्रेडची खालची हद्द १२.५, म्हणजे थोडक्यात वाचलं. लोखंड, तांबं, शिसं माफक. फ्लॅश पॉइंट, म्हणजे ऑइलची वाफ पेट घेते ते तापमान, उतरलेला, म्हणजे पेट्रोल मिसळतंय. थेट सिलिंडरमध्ये इंधन मारणाऱ्या इंजिनात हे होतंच, आणि छोट्या फेऱ्यांत ऑइल पुरेसं तापलं नाही तर ते उडूनही जात नाही. म्हणून ट्रॅकवर ऑइल अति तापू न देणं जितकं महत्त्वाचं, तितकंच रस्त्यावर ते थंड न ठेवणं. थर्मोस्टॅटमुळे महामार्गावर चेंबर ९२ ला राहतो, हे बघून बरं वाटलं.

ऑइल बदलण्याचं अंतर आता किलोमीटरवर नाही, ट्रॅकवरच्या तासांवर.

७ जून

शिस्त लिहून डॅशला चिकटवली: ऑइल ८० व्हायच्या आधी ४००० आरपीएमच्या वर नाही. शेवटचा लॅप वरच्या गिअरमध्ये, ब्रेक जवळजवळ न लावता. पिटमध्ये आल्यावर बॉनेट उघडं, हँडब्रेक ओढायचा नाही, इंजिन लगेच बंद करायचं नाही, म्हणजे टर्बोच्या बेअरिंगमधलं ऑइल जागच्या जागी करपणार नाही.

पाइपच्या सांध्यांवर पिवळ्या रंगाच्या खुणा मारल्या. एकही सरकलेली नाही. उजव्या पाइपला स्टिअरिंगच्या दांडीजवळ घासल्याची चमक दिसली, तिथे जाड रबरी कवच चढवलं.

राहिलेलं काम डिफचं. १४० ग्रेडनंतरही पट्टी १३२ च्या चौकटीपर्यंत काळी होते. छोटा कूलर आणि विजेचा पंप मागच्या डाव्या कोपऱ्यात बसेल, हवेची वाट आधी नळीने मोजून. पंप डिफचं ऑइल ९० अंश झाल्यावरच चालू होईल असा स्विच लागेल, कारण थंडपणी ७५डब्ल्यू-१४० इतकं घट्ट असतं की ते ढकलताना पंपाची मोटर जळते.